गुरुवारपर्यंत थांबलेल्या गोळ्या

ताईला इस्पितळात धाकटीनेच नेलं होतं. कोणी ओढून नेलं नव्हतं, कोणी गळ घातली नव्हती. उलट शनिवारी सकाळी ताई म्हणत होती, "अगं, डोकं दुखतंय तर दुखू दे, मला दुकान उघडायचंय," आणि धाकटीने तिच्या हातातली किल्ली काढून घेतली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्यात हीच गोष्ट धाकटीचं मन खात राहिली.

ताई एकसष्ट वर्षांची, घड्याळं दुरुस्त करणारी. दुकान वडिलांचं, पण वडिलांच्या काळात ते जेमतेम चालायचं. नावारूपाला आणलं ते ताईने. डाव्या डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून ती केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवायची, आणि समोरचं गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की म्हणायची, "थांबा हो जरा, आत्ता मी घरी नाही." धाकटी तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा धाकटी तिसरीत होती. तेव्हापासून तिच्या वेण्या ताईने घातल्या, तिला ओरडली ताई, तापात उशाशी बसली ताई. लग्नाचं कोणी विचारलं तर ताई म्हणायची, "मला आयतं पोर मिळालंय, आता नवरा कशाला?" दोघी अजूनही दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होत्या.

तर हे पोर मोठं होऊन एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात माणसांच्या आतले फोटो काढायला लागलं. साधे फोटो नव्हेत बरं. माणसाच्या शिरेत थोडी किरणं सोडणारी साखर टोचायची, तासभर त्याला पडून राहू द्यायचं आणि मग मशिनमध्ये सरकवायचं. शरीरात जिथे सूज असते तिथे ती साखर जास्त ओढली जाते आणि पडद्यावर तो भाग पेटल्यासारखा दिसतो. पण नुसता उजेड दिसून भागत नाही; तो नेमका कुठल्या नळीत आहे हे कळायला खाली शरीराचा नकाशा लागतो. तो नकाशा एक मशिन क्ष-किरणांनी काढायचं, म्हणजे पेट-सीटी. दुसरं मशिन तो चुंबकाने काढायचं, म्हणजे पेट-एमआर. पहिलं झटपट काम करणारं, दुसरं निवांत आणि नखरेल. पाऊण तास माणसाने हलायचं नाही, खोकायचं नाही.

धमन्यांची सूज या दोघांपैकी कोण जास्त चांगली दाखवतं, हा गेली तीन वर्षं तिथे अभ्यास चालू होता. एकाच माणसाचे दोन्हीकडे फोटो, पाच दिवसांच्या आत. अभ्यास होता सरांचा. सर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मोठे डॉक्टर. धाकटी अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली होती. तिला मशिन शिकवलं त्यांनी, चुकली की सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन सांगितलं त्यांनी. अभ्यास छापून येईल तेव्हा लेखकांत तिचंही नाव तिसरं घालणार, असा त्यांनी शब्द दिला होता. फोटो काढणाऱ्या बाईचं नाव कोण छापतं हो? धाकटी सरांना देव मानायची, आणि हे ती लपवायचीही नाही.

या अभ्यासाची एक अडचण होती. धमन्यांच्या सुजेवर औषध आहे, स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि चांगल्या गुणकारी आहेत. इतक्या, की गोळ्या सुरू झाल्या की चार-पाच दिवसांत पडद्यावरचा उजेड विझायला लागतो. मग दोन मशिनांची तुलना कशाची करणार, डोंबलाची? म्हणून पेशंट हवा तो गोळ्या न घेतलेला. खात्यात अशा पेशंटला सगळे 'कोरा' म्हणायचे. बाहेरच्या कोणा डॉक्टरने आधीच गोळ्या सुरू केल्या असतील तर तो 'धुतलेला'. सकाळी काचेमागच्या खोलीत शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न असायचा, "आजचा कोरा आहे ना?" आणि धुतलेला निघाला की सगळ्यांची तोंडं उतरायची. जो माणूस वेळेवर औषध मिळून बरा व्हायला लागला होता, त्याच्याकडे बघून ही मंडळी हळहळायची! पण रोजच्या कामात माणसाला आपली भाषा ऐकू येत नाही. धाकटीलाही येत नव्हती.

चाळीस पेशंट हवे होते. अडतीस झाले होते. त्यानंतर दोन महिने जो येईल तो धुतलेला.

आणि अशात ताईचं डोकं दुखायला लागलं. कानशिलाजवळ, तीन आठवडे, सारखं. केस विंचरताना कंगवा लागला तरी ती कळवळायची. धाकटीने असे अडतीस जण पाहिले होते, तिला सांगायला कोणी नको होतं. या सुजेत डोळ्याकडे जाणारी रक्ताची वाट बंद होऊ शकते आणि एकदा डोळा गेला की गेला, परत येत नाही, हेही तिला तोंडपाठ होतं. भिंग लावून पोट भरणाऱ्या बाईचे डोळे! म्हणून तर किल्ली हिसकावून तिने शनिवारीच ताईला सरांसमोर नेऊन बसवलं.

सरांनी ताईला तपासलं तेव्हा धाकटी खोलीत नव्हती. मशिनने कुरकुर केली म्हणून तिला मधेच खाली बोलावलं होतं. ती परत आली तेव्हा ताई कागदांवर सह्या करत होती.

"वाचलंस का नीट?" धाकटीने विचारलं.

"तू आहेस ना इथे. मग मी कशाला डोळे फोडून घेऊ?" ताई म्हणाली आणि शेवटची सही ठोकली.

सोमवारी पेट-सीटी झालं. धाकटीने ताईच्या हाताला स्वतः सुई लावली, अंगावर पांघरूण घातलं, "ताई, हलायचं नाही हं," असं तीनदा बजावलं. "चाळीस वर्षं न हलता काम करतेय मी, तू मला शिकव," ताई म्हणाली. पडद्यावर फोटो आला आणि धाकटीने तोंडावर हात दाबला. छातीतली मोठी धमनी, गळ्याच्या दोन्ही बाजू, खांद्यांपर्यंतच्या फांद्या, सगळं पेटलेलं. आजार सापडला होता. म्हणजे आता औषध मिळणार होतं.

ती धावतच सरांकडे गेली. "सर, आता गोळ्या आजच सुरू करू या ना? गुरुवारचं एमआर राहिलं तर राहू दे."

सर खुर्चीतून उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, ते का तू मला सांगायला हवंस? चिठ्ठी देऊन टाकलीय मी. तुझी ताई ती माझीही ताई. अभ्यासाला दुसरं कोणी मिळेल."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन महिने वाट बघून मिळालेला पेशंट या माणसाने आपल्या बहिणीसाठी सोडून दिला! त्या संध्याकाळी ती ताईला म्हणाली, "सर म्हणजे सोनं आहे सोनं." ताई म्हणाली, "हो, भला वाटतो माणूस." गोळ्यांचा विषय धाकटीने काढला नाही आणि ताईनेही काढला नाही. सरांनी चिठ्ठी दिलीय म्हटल्यावर ताईची औषधांची डबी उघडून बघायचं धाकटीच्या मनातही आलं नाही.

गुरुवारी सकाळी यादीत ताईचं नाव होतं.

धाकटीला जरा नवल वाटलं. पण तीनच दिवस गोळ्या झाल्यात, अजून थोडाफार उजेड दिसत असेल, सरांना तेही बघायचं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ताई झगा घालून बाकावर बसली होती. धाकटीने नेहमीचा फॉर्म घेतला आणि नेहमीचे प्रश्न विचारले. उपाशी आहेस? हो. अंगावर काही धातू? नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत?

"नाही," ताई म्हणाली. "सर म्हणाले, आजचा फोटो झाला की दुपारी सुरू करू."

धाकटीचं पेन थांबलं.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट या एका क्षणात आहे. पेन थांबलं ते एक-दोन श्वास थांबलं असेल. तेवढ्यात तिला सगळं कळलं होतं. सर खोटं बोलले होते. हे तीन दिवसही ताई औषधाविना राहिली होती. ती तिथल्या तिथे उठून ओरडू शकली असती, कपाटातली गोळी काढून ताईच्या हातावर ठेवू शकली असती. पण अठरा वर्षांची सवय आडवी आली. सरांनी काही विचार केलाच असेल. आता आलोच आहोत तर पाऊण तासाने काय बिघडणार आहे? आणि खरं सांगायचं तर, आत कुठेतरी एक छोटा, लाजिरवाणा आनंदही झाला होता. एकोणचाळिसावा पेशंट मिळाला होता.

तिने 'नाही'समोर खूण केली, खाली सही केली, आणि भिंतीवरचं बटण दाबून आतल्या खोलीत बसलेल्या सरांना सांगितलं, "सर, कोरी आहे."

"वा! घे आत," सर म्हणाले.

दुपारी तीन वाजता ताईने पहिली गोळी घेतली. शुक्रवारी सकाळी ती उठली, पलंगाच्या कडेवर बसली आणि बराच वेळ बसूनच राहिली. मग हाक मारली, "धाकटे, जरा इकडे ये गं. या बाजूचं काहीच दिसत नाहीये."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चटपटीत होत्या. त्यांनी ताबडतोब शिरेतून औषध चालू केलं. उजवा डोळा वाचला. डावा गेला. भिंगाचा डोळा, नेमका तोच.

"जेवताना जबडा दुखायचा का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो की. दोन घास चावले की जबडा भरून यायचा. शनिवारी सरांना पहिल्यांदा सांगितलं ते तेच," ताई म्हणाली. "आणि मंगळवारी या डोळ्यापुढे पडदा आला होता, दोन-तीन मिनिटं. घाबरले मी. सरांना फोन केला. ते म्हणाले, थकवा असेल, गुरुवारी बघू, धाकटीला उगाच काळजीत टाकू नका."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "मग शनिवारीच का नाही सुरू केल्या गोळ्या? जबडा दुखतो म्हटल्यावर फोटोची वाट कोणी बघत नाही." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने खाली मान घातली.

तिथून ती तडक तळघरात गेली आणि ताईची फाईल काढली. अभ्यासाचे नियम पहिल्याच पानावर छापलेले होते, तिने अडतीस वेळा ते पेशंटना वाचून दाखवले होते: जबडा दुखत असेल किंवा नजरेत काही फरक असेल, तर ताबडतोब औषध द्यावं आणि त्या माणसाला अभ्यासात घेऊ नये. पुढच्या पानावर सरांच्या सुबक अक्षरात शनिवारची तपासणी होती. डोकेदुखी: हो. टाळू दुखणं: हो. जबडा: नाही. मंगळवारच्या फोनचा कुठे उल्लेखच नव्हता. धाकटीने ते 'नाही' इतक्या वेळा वाचलं की अक्षरं अक्षरं वाटेनात. केसाने गळा कापला होता हो, आणि तोही इतक्या सुंदर अक्षरात.

सर आतल्या खोलीत होते. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावून बसले होते. तिला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"बरं झालं आलीस. हे बघ, हे बघ! सीटीमध्ये कानशिलाजवळ काय दिसतं? काही नाही, नुसतं धूसर. आता एमआर बघ. ही बारीक धमनी, तिची भिंत, भिंतीतली सूज, सगळं स्वच्छ. अगं, तीन वर्षं मी जे म्हणतोय ते या एका फोटोत आहे."

धाकटीने पाहिलं. ती धमनी ताईच्या डाव्या कानशिलाची होती.

"सर, तिचा डोळा गेला," ती म्हणाली.

सरांचा हात खाली आला. चेहरा पडला, आणि तो खोटा पडला नव्हता, एवढं मान्य करायला हवं. "कळलं मला," ते म्हणाले. "फार वाईट झालं. पण हजारात कितीजणांचं असं होतं? आणि गोळ्या देऊनही होतंच की."

"जबड्याचं तिने तुम्हाला सांगितलं होतं."

"म्हातारी माणसं शंभर गोष्टी सांगतात."

"ती म्हातारी नाही. आणि तुम्ही मला सांगितलंत की चिठ्ठी दिलीय. माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलंत. मी घरी जाऊन तुमचं कौतुक केलं हो तिच्यापुढे!" तिचा आवाज चिरकला. अठरा वर्षांत ती सरांसमोर पहिल्यांदा मोठ्याने बोलली होती. "दुसरी कोणी मिळाली नाही तुम्हाला? माझीच बहीण?"

सरांनी टेबलावरच्या फाईलमधून एक कागद काढला आणि हळूच, अगदी मायेने म्हणावं तसा, तिच्यासमोर सरकवला. गुरुवारचा फॉर्म. "गोळ्या चालू नाहीत हे गुरुवारी सकाळी तुला कळलं होतं," ते म्हणाले. "सही तुझी आहे. तू थांबवलं नाहीस. मी तुला दोष देत नाही, हं. आपण दोघांनीही चांगल्याच हेतूने केलं. म्हणून म्हणतो, हे आपल्या दोघांतच राहू दे. तुझं नाव मी आता दुसरं घालतो."

धाकटीला वाटलं, याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं. पण हातात काही नव्हतं, आणि तो म्हणत होता ते खरंही होतं. अठरा वर्षं जे दैवत म्हणून पुजलं त्याने तिला फसवलं होतंच, पण फसवताना शेवटचं काम तिच्याच हातून करून घेतलं होतं. तिने कागद तिथेच ठेवला आणि जिना चढून बाहेर आली.

नऊ दिवसांनी ताईला घरी सोडलं. त्या नऊ दिवसांत धाकटीने रोज ठरवलं की आज सांगायचं, आणि रोज ताईने काहीतरी विनोद करून तिचं अवसान घालवलं. "बरंच झालं की. नाहीतरी काम करताना दुसरा डोळा मिटूनच बसायचे मी," ती नर्सला सांगायची. "आता मिटायचे कष्ट वाचले. फक्त चुकीचा गेला एवढंच." नर्स हसायची आणि धाकटी खिडकीबाहेर बघायची.

घरी आल्यावर ताई पहिल्यांदा खाली दुकानात गेली. स्टुलावर बसली, उजव्या डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने एक स्क्रू उचलायला गेली. स्क्रू बोटभर लांब राहिला. पुन्हा गेली, चिमटा काचेवर आपटला. तिसऱ्यांदा स्क्रू उचलला गेला आणि टेबलाखाली कुठेतरी उडाला. ताईने भिंग काढून ठेवलं. "होईल सवय," ती म्हणाली, पण तिचा आवाज तिचा नव्हता.

तेव्हा धाकटीला राहवेना. ती ताईच्या उजव्या बाजूला उभी होती, तिथेच उभी राहून तिने सगळं सांगितलं. जबड्याचं लिहिलेलं 'नाही', चिठ्ठीची थाप, फोनचा न झालेला उल्लेख. ताई शांतपणे ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "हलकट कुठला." आणि हात पुढे करून तिने धाकटीचं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. "तू रडू नकोस. तुला काय ठाऊक होतं?"

इथे थांबता आलं असतं. बहिणीने स्वतःच सोडवलं होतं तिला. एक अक्षर न बोलता ती त्या हातात हात ठेवून जन्मभर राहू शकली असती.

"होतं," धाकटी म्हणाली. "गुरुवारी तू बाकावर बसून सांगितलंस तेव्हा कळलं मला. मी फॉर्म भरला. सही केली. सरांना कळवलं की कोरी आहे."

"ते मी ऐकलं होतं," ताई म्हणाली. "मला वाटलं, काहीतरी चांगलं असेल. तुझा आवाज किती आनंदी होता गं."

तिने मनगट सोडलं. रागाने झटकलं वगैरे नाही, फक्त बोटं उघडली. बाहेर रस्त्यावरून कोणीतरी दुकान उघडं आहे का म्हणून डोकावलं आणि निघून गेलं. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं आपापली वेगवेगळी वेळ दाखवत चालली होती. धाकटी वाट बघत होती, ताई ओरडेल म्हणून. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, बोल ना काहीतरी. मी तक्रार करणार आहे. इस्पितळाच्या समितीकडे. सरांचं सगळं लिहिणार आहे."

ताई उठली. स्टूल उचललं, टेबलाला वळसा घालून पलीकडे ठेवलं आणि पुन्हा बसली. आता धाकटी तिच्या डाव्या हाताला आली होती, तिला दिसत नव्हती. हे चुकून झालं नव्हतं, दोघींनाही ते कळत होतं.

ताईने समोरच्या खणातून पावत्यांची वही काढली, कोरी पानं टरकावली आणि न बघता डावीकडे सरकवली.

"बस आणि लिही," ती म्हणाली. "सरांच्या आधी तुझं नाव लिही."